चोर्ल्याचा चढ आणि हिरवा दिवा

बेळगावच्या माणसाला गोवा परगाव वाटत नाही. कुणाची मावशी तिकडे दिलेली, कुणाचं कुलदैवत फोंड्याच्या बाजूला, कुणाचा भाऊ पर्वरीत नोकरीला. जायचे रस्तेही आपल्या घरच्या वाटांसारखे: अनमोडवरून, आंबोलीवरून, तिळारीवरून आणि चोर्ल्यावरून. चोर्ल्याचा घाट गाडीत बसून आपल्यापैकी प्रत्येकाने डझनभर वेळा तरी उतरला असेल. पण गाडीतून घाट दिसतो तो वळणांपुरता. चढ म्हणजे नक्की काय असतं, हे सायकलवरच समजतं. त्यातून तुमच्या सायकलचे गिअर बॅटरीवर चालणारे असतील, तर हा घाट आणखीही काही शिकवतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे निघालो. मी, पुण्याहून आलेला माझा मामेभाऊ आणि आमचे सर. सर गणित शिकवून निवृत्त झाले. साठी उलटली तरी रविवारी पहाटे सर्वांत आधी तयार असतात. सरांच्या सायकलला साधे तारेचे गिअर. माझ्या सायकलला इलेक्ट्रॉनिक, पण दोन्ही डिरेलर वायरीने फ्रेमच्या आतल्या एका बॅटरीला जोडलेले. मामेभावाची सायकल पूर्ण वायरलेस. पुढच्या डिरेलरला त्याची बॅटरी, मागच्याला त्याची, वायर कुठेच नाही. बेत असा, की पहिल्या दिवशी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून खाली साखळीला मावशीकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत यायचं.

ज्यांनी असे गिअर पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एक खुलासा. ही बॅटरी सायकल पळवत नाही. पाय आपणच मारायचे. नेहमीच्या गिअरमध्ये हँडलवरची कळ दाबली की तार ओढली जाते आणि तार डिरेलरला हलवते. इथे तारेऐवजी विजेचा संदेश जातो आणि डिरेलरमधली इवलीशी मोटर चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवते. कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकातच असे गिअर बाजारात आणले होते, पण ते टिकले नाहीत. २००९ मध्ये शिमानोची डीआय२ ही पद्धत आली आणि हे गिअर खऱ्या अर्थाने रुळले. २०१५ मध्ये स्रॅमने वायर काढून टाकली. आज हौशी सायकलस्वारांकडेही दोन्ही प्रकार दिसतात. ट्यूनिंग बिघडत नाही, तारेला गंज चढत नाही, बोटाला जोर लागत नाही. फक्त चार्ज करायची आठवण ठेवावी लागते.

पिरनवाडी मागे टाकली आणि धुकं लागलं. किणयेच्या पुढे रस्ता हलकेच वर-खाली होत जातो. कापून झालेली भातशेतं, खळ्यांवर रचलेल्या गवताच्या गंज्या आणि जांबोटीच्या अलीकडे सुरू होणारं रान. जांबोटीला चहाला थांबलो. हॉटेलच्या मालकाने सायकलींकडे पाहून विचारलं, "कुठं चाललासा?" साखळीला म्हटल्यावर तो हसला, "साखळीला साखळीवरनं!" मग मामेभावाच्या डिरेलरवर लुकलुकणारा दिवा दिसला, तसा म्हणाला, "चार्जिंगची हाय होय? मग पाय कशाला मारता?" बॅटरी पळायला नाही, चेन हलवायला आहे, हे समजावता समजावता सरांचा दुसरा चहा झाला.

तिथून निघताना माझ्या सायकलने पहिला प्रश्न टाकला. उजवी कळ दाबली तर काहीच होईना. मागचे गिअर ठप्प.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. रात्री-अपरात्री सिस्टीम बंद पडली की फोन वाजतो. त्या कामाने लावलेली सवय अशी, की काय बंद आहे ते सगळ्यांना दिसतंच, आपण आधी काय चालू आहे ते बघायचं. डावी कळ दाबली, तर पुढची चेन झटकन सरकली. म्हणजे आतली मोठी बॅटरी जिवंत. मागच्या डिरेलरवरचं बटण दाबलं, तर दिवा लागला. म्हणजे तिथपर्यंत वीज पोहोचते आहे. उरली फक्त उजवी कळ. माझ्या प्रकारात डिरेलर वायरीने जोडलेले असले तरी हँडलवरच्या कळा बिनतारी असतात आणि त्यांच्यात नाण्यासारखे चपटे सेल बसतात. ते वर्ष-दीड वर्ष चालतात, त्यामुळे ते आहेत हेच माणूस विसरून जातो.

या सेलवरचा आकडा म्हणजे कोडं नव्हे, माप आहे. १६३२ म्हणजे व्यास १६ मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. २०३२ म्हणजे व्यास २० आणि जाडी तेवढीच. हे लक्षात असलं की दुकानात गोंधळ होत नाही. २०३२ मोटारीच्या किल्लीत, वजनकाट्यात, कुठेही असतो, त्यामुळे घड्याळाच्या छोट्या दुकानातही मिळून जातो. १६३२ मात्र शोधावा लागतो. तो आपल्याच पिशवीत हवा. माझ्या पिशवीत दोन पाकिटं होती. पहिल्या पाकिटातले सेल घातले, तरी कळ मुकीच. सर म्हणाले, "नवीन म्हणजे चांगलंच, हे कुणी सिद्ध केलं?" दुसऱ्या पाकिटातले घातले आणि कळ चालू झाली. पहिल्या सेलवर कडू लेप होता. लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून अलीकडे काही कंपन्या असा लेप लावतात. मुलांसाठी तो चांगलाच, पण काही उपकरणांत तो धातूच्या संपर्काच्या आड येतो. घरात लहान मूल असेल तर सुटे सेल कुलपात ठेवा. आणि सायकलसाठी नवा सेल प्रवासाला निघण्याआधी घरीच एकदा घालून पाहा.

कणकुंबी आली तेव्हा धुकं विरलं होतं. इथल्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. कुंडातलं पाणी शांत, हिरवट, नदी म्हणावी असं त्यात काहीच नाही. इथून ती पूर्वेला निघते आणि थेट कूडलसंगमला कृष्णेला जाऊन मिळते. म्हणजे हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात शिरते. पावसाचा थेंब कड्याच्या कुठल्या अंगाला पडतो, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो. पाण्यावरून दोन राज्यांत जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, त्याचं मूळही याच रानात आहे. गाडीतून जाताना आपण इथे काच खाली करत नाही. सायकलवरून जाताना थांबायला कारण लागत नाही.

चोर्ला गावानंतर घाट उतरू लागतो. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिघांच्या हद्दी या डोंगरात एकमेकींना टेकतात. पाट्यांची लिपी बदलते, रस्त्याचा पोत बदलतो, हवा जड होते. उजव्या-डाव्या हाताला दाट झाडी आणि एका वळणावर खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकतं. उतरताना गिअरचं काम नसतं, ब्रेकचं असतं. सर प्रत्येक मोठ्या वळणाला थांबून चाकाच्या रिमला हात लावून बघत, तापलं तर दोन मिनिटं उभे राहत. केरी गाठून पुढे साखळीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाळवंटीच्या काठचं हे गाव. मावशीने गरम भाजी-पाव आणि चहा पुढे ठेवला आणि आमच्या कपड्यांवरून यथेच्छ बोलून घेतलं.

संध्याकाळी सायकली पुसताना मामेभावाने मागच्या डिरेलरचं बटण दाबलं. सकाळी बेळगावात हिरवा असलेला दिवा आता लाल होता. चार्जर पुण्यात. "दादा, एका चार्जमध्ये साठ तास चालते म्हणतात. मी तर एवढी चालवलीच नाही," तो म्हणाला.

सरांनी हिशेब मांडायला घेतला. साठ तास म्हणजे नवी बॅटरी, एकदाच पूर्ण चार्ज केलेली. या बॅटरीला तीन वर्षं झालेली आणि शेवटचा चार्ज होऊन बरेच रविवार उलटलेले. शिवाय वायरलेस डिरेलरला हालचाल कळते. सायकल उभी राहिली की तो झोपतो, हलली की जागा होतो. पुण्याहून बेळगावपर्यंत सायकल मोटारीच्या मागच्या रॅकवर हादरे खात आली होती. तेवढा वेळ डिरेलर बिचारा जागाच. म्हणून अशी सायकल मोटारीवर टाकताना बॅटऱ्या काढून खिशात ठेवाव्यात आणि त्यांच्या जागी झाकणं बसवावीत. शेवटची गोष्ट दिव्याची. हिरवा दिवा म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. या प्रकारात तो साधारण १५ ते ६० तासांच्या मधलं काहीही असू शकतो. लाल म्हणजे पाच ते पंधरा तास आणि लुकलुकणारा लाल म्हणजे पाचाच्या आत. हे आकडे नव्या बॅटरीचे. जुनी बॅटरी विसाव्याला ठीक वाटते आणि मोटरला जोर लावायची वेळ आली की दम टाकते.

साखळीहून बेळगावला परतायला बसने जाता आलं असतं. मावशीचं मत तेच होतं. पण लाल दिवा स्थिर होता आणि मामेभावाला घाट चढायचाच होता. पहाटे निघालो.

केरी ओलांडली आणि पहिल्याच खऱ्या चढाला त्याची सायकल अडकली. मागची चेन मधल्या एका लहान चक्रावर, म्हणजे जड गिअरमध्ये. दिवा आता लागतच नव्हता. आणि वर चढायचे होते सुमारे ७०० मीटर. हे म्हादई अभयारण्याच्या शेजारचं रान. मोबाईलची रेंज येते-जाते, दुकान नाही, आणि मोठे ट्रक वळणावर आपल्याला चिकटून जातात. जड गिअरमध्ये उभं राहून पाय मारला की सायकल डुगडुगते, आणि डुगडुगणारी सायकल अशा रस्त्यावर धोक्याची. ढकलत न्यायची तर दुपारचं ऊन डोक्यावर. मामेभावाचा चेहरा उतरला. "तुम्ही व्हा पुढे, मी केरीत टेम्पो बघतो," तो म्हणाला.

पुन्हा तोच प्रश्न, काय चालू आहे? पुढच्या डिरेलरचा दिवा हिरवा. कारण साधं आहे. मागचे गिअर आपण दिवसात शेकडो वेळा बदलतो, पुढचे मोजके. त्यामुळे मागची बॅटरी नेहमी आधी संपते. आणि त्याच्या सायकलच्या दोन्ही बॅटऱ्या अगदी एकसारख्या, काडेपेटीएवढ्या, कुठलीही कुठेही बसणाऱ्या. तो लगेच पुढची काढायला वाकला, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. पुढची चेन आत्ता कुठल्या रिंगवर आहे?"

मोठ्या रिंगवर होती. पुढची बॅटरी काढली की पुढची चेन आहे तिथे राहणार, म्हणजे सबंध घाट मोठ्या रिंगवर. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मागचं चाक उचलून पेडल फिरवलं, दोन्ही कळा एकत्र दाबून चेन लहान रिंगवर उतरवली. मगच पुढची बॅटरी काढली, तिच्या धातूच्या टिकल्या कोरड्या रुमालाने पुसल्या आणि ती मागे बसवली. खट् असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबली. मागच्या डिरेलरचा दिवा हिरवा झाला. डावी कळ दाबली आणि चेन एकेक पायरी चढत सर्वांत मोठ्या चक्रावर जाऊन बसली. इतका बारीक आवाज, पण त्या रानात तिघांनाही स्पष्ट ऐकू आला.

पुढचा घाट आम्ही तिघांनी आपापल्या चालीने चढला. मामेभाऊ पुढे, कारण आता त्याला थांबायची भीती होती. सर मध्ये, एका लयीत. मी मागे. मधल्या एका वळणावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा मला जाणवलं, की आम्ही हाताने जे केलं ते माझ्या सायकलमध्ये आपोआप होण्याची सोय आहे. एका बॅटरीवर चालणाऱ्या त्या पद्धतीत चार्ज फार कमी झाला की आधी पुढचे गिअर बंद पडतात, मागचे थोडा वेळ चालू राहतात, आणि मगच तेही थांबतात. ज्या अभियंत्याने हे ठरवलं त्याने घाट चढलेला असणार. पुढचं गेलं तरी माणूस घरी पोचतो, मागचं गेलं तर नाही.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "माझी तार मरायच्या आधी महिनाभर कुरकुरते. गिअर उशिरा पडतो, कळ जड होते, टोकाला एक धागा सुटलेला दिसतो. तुमची बॅटरी शेवटच्या गिअरपर्यंत पहिल्या दिवसासारखीच चालते आणि मग एकदम गप्प. वस्तू वाईट नाही. पण ती बोलत नाही, म्हणून तिला विचारावं लागतं."

मला त्या सगळ्या प्रवासातलं हेच वाक्य सर्वांत कामाचं वाटलं. आपल्या पिढीच्या हातात येणाऱ्या बहुतेक वस्तू आता अशाच आहेत. त्या कुरकुरत नाहीत. चालतात, चालतात आणि थांबतात. त्यामुळे विचारायची सवय आपल्याला लावून घ्यायला हवी. सायकलपुरतं सांगायचं तर मी आता असं विचारतो.

निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, हिरवा दिवा असला तरी. वायरलेसची बॅटरी साधारण तासाभरात भरते, त्यामुळे आळसाला कारण नाही. वायरवाल्या सायकलची मोठी बॅटरी हजारेक किलोमीटर जाते, म्हणूनच तिचा विसर जास्त पडतो. एका रात्रीपेक्षा जास्त मुक्काम असेल तर चार्जर पिशवीत. सेलची एक जोडी, घरी घालून पाहिलेली, तीही पिशवीत. सायकल बसमध्ये किंवा मोटारीत आडवी टाकताना हँडलवरची कळ कशाखाली दाबून राहत नाही ना, हे बघायचं. कळ दाबलेलीच राहिली तर रात्रभरात वीज वाया जाते. धुताना पाण्याचा जोराचा फवारा डिरेलरवर मारायचा नाही, आणि कोकणातल्या पावसातून आल्यावर टिकल्या कोरड्या पुसायच्या.

वाटेत गिअर थांबलेच, तर आधी दिवा बघायचा. दिवा लागतो पण एकच कळ चालत नाही, तर कळेतला सेल. दिवाच लागत नाही, तर बॅटरी किंवा तिचा संपर्क: काढा, पुसा, घट्ट बसवा. वायरीची सायकल असेल तर वायरीचं टोक पूर्ण आत गेलं आहे का ते बघा. सायकल पडल्यानंतर मागचे गिअर थांबले असतील, तर बॅटरीला दोष देऊ नका. काही डिरेलर आपटल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरपासून सुटे होतात आणि बटण काही सेकंद दाबून धरलं की पुन्हा जोडले जातात. तुमच्या सायकलच्या पुस्तिकेत ते पान शोधून ठेवा. आणि दिवा लुकलुकू लागला, हाती दुसरी बॅटरी नाही, तर गिअर पूर्ण मरायची वाट पाहू नका. आहे तेवढ्या विजेत पुढची चेन लहान रिंगवर, मागची मोठ्याकडच्या एखाद्या चक्रावर आणा आणि कळांना हात लावू नका. सायकल एका गिअरची झाली म्हणायचं. आपल्या आजोबांनी अशाच सायकलवर आयुष्य काढलं.

चोर्ल्याला वर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दरीतून येणारा वारा इथे गार लागतो. मामेभावाने सायकल टेकवली, वाकून मागच्या डिरेलरचं बटण दाबलं आणि दिवा हिरवा दिसल्यावरच हेल्मेट काढलं. कणकुंबीपर्यंतचा रस्ता मग सोपा होता. जांबोटीच्या हॉटेलवाल्याने या वेळी आधी सरांची तारेची सायकल निरखली आणि "ह्येला काय लागतंय?" असं विचारलं. सर म्हणाले, "तेल."

थंडी सरायच्या आत तुम्हीही हा घाट एकदा चढून बघा. केरीच्या पुढे, जिथे चढ सुरू होतो, तिथे दोन मिनिटं थांबा. पाणी प्या, ब्रेक बघा आणि बटण दाबून दिव्याचा रंग बघा. लाल असेल तर केरी मागे जवळच आहे.